आधी वही, मग पैसा: वस्तीतल्या मंडळानं एका कुटुंबाची आर्थिक घडी कशी बसवावी

गणपती झाले, जयंती झाली, वर्गणीतले वीस-पंचवीस हजार उरले, की नागपुरातल्या बहुतेक मंडळांच्या बैठकीत एकच विषय निघतो: यंदा कोणाला तरी मदत करू. मग किराण्याचे किट वाटले जातात, एखाद्याचा थकलेला हप्ता भरला जातो, कोणाला शिलाई मशीन मिळते. तीन महिन्यांनी तेच घर तिथंच असतं, कधी दोन पावलं मागे गेलेलं. पैसा कमी पडला म्हणून असं होत नाही, क्रम चुकला म्हणून होतं. व्याजाची गळती चालू असताना वरून पैसे ओतले तर ते सावकाराच्या खिशात जातात. कागदपत्रं नसताना धंदा काढून दिला तर पहिल्याच दवाखान्यात तो विकला जातो.

मी गेली काही वर्षं आमच्या वस्तीतल्या छोट्या संस्थेत हे काम करतो. आमच्याकडून जे चुकलं आणि आजूबाजूच्या मंडळांकडून जे चुकताना पाहतो, त्यावरून हा क्रम लिहितोय. तो शक्यतो मोडू नका.

सुरू करण्याआधीची तयारी

पहिली गोष्ट मंडळाच्या स्वतःच्या कागदांची. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल तर घटनेतली उद्दिष्टं काढून वाचा. त्यात गरजूंना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत यांतलं काही लिहिलेलं हवं. फक्त ‘उत्सव साजरे करणे’ असेल तर हिशेब तपासताना अडचण येते. नोंदणी नसेल आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातून कलम ४१ क खालची परवानगी आधी घ्या. बँक खातं मंडळाच्या नावानं, सही दोघांची, आणि प्रत्येक रुपयाला पावती. कोणा एका भाऊंच्या फोनपेवर जमा झालेले पैसे कितीही प्रामाणिकपणे खर्च झाले तरी सहा महिन्यांनी त्यावरून भांडण होतंच.

दुसरी गोष्ट माणसांची. प्रत्येक कुटुंबामागे दोघांची जोडी ठेवा, त्यातली एक बाई हवीच. जोडी शेवटपर्यंत तीच. दर आठवड्याला नवा कार्यकर्ता जाऊन तेच प्रश्न विचारायला लागला की त्या घरातली काकू तिसऱ्या वेळी खोटं सांगते, आणि त्यात तिची काही चूक नसते.

तिसरी गोष्ट आकड्याची. पहिल्या वर्षी पाचच कुटुंबं घ्या. पन्नास घरांना एकेक हजार देण्यापेक्षा पाच घरांबरोबर वर्षभर बसणं अवघड आहे, पण घडी बसते ती त्यानंच.

थांबा: मदत म्हणून दिलेल्या पैशावर व्याज लावू नका, शेकडा एकसुद्धा नाही. नोंदणी नसलेल्या मंडळानं किंवा कार्यकर्त्यानं स्वतःच्या नावावर व्याजानं पैसे फिरवले तर ती विनापरवाना सावकारी ठरते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ त्याला लागू होतो आणि त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. नोंदलेल्या संस्थेनंही या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या घराला सावकारापासून सोडवायचं, त्या घराच्या दारात आणखी एक वसुलीवाला कशाला उभा करायचा?

टप्पा १: कुटुंब निवडणं

सगळ्यात गरीब कोण, हा प्रश्न इथं उपयोगाचा नाही. आलेल्या घरांचे आधी तीन गट पाडा.

ज्या घरात आज चूल पेटलेली नाही किंवा माणूस मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) भरती आहे, त्यांना लगेच मदत करा. वही नको, अटी नकोत, चौकशी नको. ती मदत वेगळी आणि तिचा निधीही वेगळा ठेवा.

जिथं कमावणारं कोणीच नाही, म्हणजे एकटी म्हातारी, अंथरुणाला खिळलेला माणूस, तिथं धंदा आणि बचत बोलण्यात अर्थ नाही. त्यांना सरळ टप्पा ४ आणि ५ ला घ्या. पेन्शन, रेशन आणि दवाखाना, एवढंच त्यांचं काम.

जिथं कमाई आहे पण टिकत नाही, ती घरं या मार्गदर्शकाची. बांधकाम मजूर, ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर उभा राहणारा रंगारी, कळमना बाजारात हमाली करणारा, घरकाम करणाऱ्या बायका, ऑटोवाले, हातठेलेवाले. दोघं मिळून पंधरा-वीस हजार कमावतात आणि तरीही दर महिन्याला कर्ज काढतात.

निवडताना नेहमीच्या दोन चुका होतात. एक म्हणजे माजी नगरसेवकानं किंवा मोठ्या देणगीदारानं दिलेली यादी जशीच्या तशी घेणं. दुसरी म्हणजे फक्त घरच्या पुरुषाशी बोलून ठरवणं. गटाचं कर्ज, म्हणजे सूक्ष्म वित्त कंपनी बायकांच्या गटाला देते ते, बाईच्या नावावर असतं, हप्त्याच्या बैठकीला तीच बसते, आणि पुष्कळदा घरात किती कर्ज आहे हे नवऱ्याला माहीतच नसतं. उलटंही असतं. म्हणून पहिली भेट दोघांशी वेगवेगळी घ्या, दुसरी एकत्र.

टप्पा २: तीस दिवसांची वही

सगळ्यात जास्त मंडळं हाच टप्पा गाळतात, म्हणून इथं जरा थांबतो.

शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर आलेला पैसा, उजव्या पानावर गेलेला. रोज रात्री जेवणानंतर लिहायचं. घरात आठवी-नववीतली मुलगी किंवा मुलगा असेल तर लिहायचं काम त्याच्याकडे द्या, तो चोख करतो. जोडीनं आठवड्यातून एकदा जायचं, वही वाचायची आणि तोंडातून एक शब्दही उपदेश काढायचा नाही. पहिल्या आठवड्यात ‘खर्रा (तंबाखू-सुपारी) कशाला खाता’ म्हणालात की दुसऱ्या आठवड्यापासून खर्रा वहीतून गायब होतो, खिशातून होत नाही.

आमच्याकडच्या एका घराची वही सांगतो. नवरा बांधकामावर मजूर, रोजी ६०० रुपये, पण महिन्यात काम लागलं १८ दिवस, म्हणजे १०,८०० रुपये. बायको तीन घरी पोळ्या आणि भांडी करते, ६,५०० रुपये. एकूण १७,३०० रुपये. खर्च असा निघाला: खोलीभाडं ३,५००, किराणा-भाजी ४,५००, गॅस आणि लाइट बिल १,६००, मुलांची शाळा-ऑटो १,२००, औषधं ६००, पेट्रोल १,२००, मोबाइल ५००, खर्रा ९००. बेरीज १४,००० रुपये. हातात ३,३०० रुपये उरायला हवेत.

आता हप्ते. गटाची दोन कर्जं, २,२४० आणि १,९०० रुपये. ‘डेली’वाल्याला, म्हणजे रोज हप्ता वसूल करणाऱ्याला, रोज १००, म्हणजे महिन्याला ३,०००. वस्तीतल्या सावकाराचे १५,००० रुपये महिन्याला शेकडा दहानं, त्याचं नुसतं व्याज १,५००. बेरीज ८,६४० रुपये, म्हणजे कमाईचा निम्मा भाग. दर महिन्याला ५,३४० रुपयांचा खड्डा, आणि तो भरायला दर दोन महिन्यांनी नवं कर्ज.

हे आकडे समोर मांडले तेव्हा त्या काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मले वाटे, आमीच उधळे आहो.” वहीत उधळपट्टी कुठंच नव्हती. व्याज होतं.

तपासून घ्या: एका महिन्याच्या वहीवर वर्षाचा अंदाज बांधू नका. नागपुरात कमाई ऋतूप्रमाणे वर-खाली होते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की बांधकामाचे दिवस कमी होतात. पावसाळ्यात ठिय्या रिकामा असतो. जूनअखेर शाळा उघडते, तेव्हा वह्या, गणवेश, फी एकदम येतात. वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिने लिहा आणि कोणत्या महिन्यात काम कमी, कोणत्या महिन्यात खर्च जास्त, यावर खुणा करून घ्या. दोन्ही खुणा ज्या महिन्यावर येतात, त्याच महिन्यात कर्ज काढलं जातं.

टप्पा ३: कर्जाची यादी आणि फेडीचा क्रम

कोऱ्या कागदावर रकाने पाडा: कोणाकडून घेतलं, किती लिहून घेतलं, हातात किती आलं, महिन्याला किती जातं, मुद्दल किती बाकी, गहाण काय ठेवलं, सह्या कशावर केल्या. ‘लिहून घेतलं’ आणि ‘हातात आलं’ हे दोन रकाने वेगळेच ठेवा, खरा दर तिथंच सापडतो. डेलीवाला १०,००० लिहून घेतो, १,००० आधीच कापून ९,००० देतो आणि शंभर दिवस रोज शंभर वसूल करतो. ऐकायला दहा टक्के वाटतं. पण मुद्दल रोज कमी होत जातं हे धरलं तर वर्षाचा दर ८० टक्क्यांच्या आसपास जातो. शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के. वर सांगितलेल्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिनातारण, बिगरशेती कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून त्या कुटुंबाला दाखवा.

फेडीचा क्रम असा:

१. सगळ्यात महाग कर्ज आधी. नातेवाइकाचे हातउसने पैसे, ज्यावर व्याज नाही, ते शेवटी. माणसं नेमकं उलटं करतात, कारण नातेवाइकाची लाज वाटते. त्या नातेवाइकाशी जोडीनं एकदा बोलून मुदत मागून घ्या, बहुतेक जण देतात.

२. गटाच्या आणि बँकेच्या कर्जाचे हप्ते चालू ठेवा. ते चुकले की सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या नोंदीत उतरतं आणि पुढं स्वस्त कर्जाचं दार बंद होतं. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो काढून पाहा. कधीकधी आपण न घेतलेलं कर्जही त्यात दिसतं.

३. नवं कर्ज बंद. हे तोंडी ठरवून चालत नाही. वर्षाच्या पानावर खूण केलेल्या महिन्यासाठी मंडळानं आधीच तरतूद सांगून ठेवायची: “मे महिन्यात किराणा आमच्याकडून येईल, सावकाराकडे जाऊ नका.”

वरच्या घराला आम्ही १९,००० रुपये दिले. डेलीचे राहिलेले ४,००० आणि सावकाराचं मुद्दल १५,०००. त्यातून महिन्याचे ४,५०० रुपये मोकळे झाले आणि खड्डा ५,३४० वरून ८४० वर आला. तेच १९,००० रुपये किराण्यात दिले असते तर चार महिने घर चाललं असतं आणि पाचव्या महिन्यात सावकार तिथंच उभा असता.

थांबा: पैसे कुटुंबाच्या हातात देऊन ‘फेडून टाका’ म्हणू नका. सोबत जा, आणि पैसे देण्याआधी गहाण कागद परत मागा. आमची सगळ्यात महाग चूक इथंच झाली. एका घराचे पैसे आम्ही विश्वासानं आधी दिले. पंधरा दिवसांनी ती ताई आली: “पैशे तर देले जी, पन कोरा चेक नाई देला त्यानं वापस.” तो चेक सोडवायला आम्हाला चार महिने लागले. तेव्हापासून नियम एकच. कोरे चेक, सही केलेले स्टॅम्प पेपर, पासबुक, एटीएम कार्ड, रेशन कार्ड, जे काही त्यानं ठेवून घेतलं असेल ते टेबलावर आल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. ‘पूर्ण रक्कम मिळाली, काही बाकी नाही’ असं सहीनिशी लिहून घ्यायचं आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा.

सावकार ऐकत नसेल तर आवाज चढवू नका. त्याच्याकडे परवाना आहे का, हे सहकार खात्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक कार्यालयात कळतं आणि बेकायदा सावकारीची लेखी तक्रारही तिथंच होते. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००.

गटाच्या कर्जवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सूक्ष्म वित्त कर्जाची वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही, धमकी किंवा शिवीगाळ करता येत नाही, आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जातील असं नवं कर्ज देता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मदत क्रमांक १४४४८.

आणि एक कळकळीची विनंती. ‘बायकांचं गटाचं कर्ज माफ होणार आहे, हप्ते भरू नका, फक्त फॉर्मचे पाचशे द्या’ असं सांगत फिरणारे लोक वस्तीत आले तर त्याच दिवशी बायकांची बैठक घ्या. त्या पाचशेपेक्षा थकलेल्या हप्त्यांचा फटका फार मोठा असतो.

टप्पा ४: कागदपत्रं, ठरलेल्या क्रमानं

कागदांचा क्रम चुकला की प्रत्येक खेपेला एक रोजी बुडते. सहाशे रुपये रोजीच्या माणसाला तीन चकरा मारायला लावणं म्हणजे त्याच्याकडून अठराशे रुपये घेणं, हे लक्षात ठेवून चकरा वाचवा.

आधी आधार. सगळ्यांच्या आधारवर नाव, जन्मतारीख आणि चालू मोबाइल नंबर बरोबर आहे का ते पाहा. बाईच्या आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं आणि बँकेत तिसरंच, हे दर दुसऱ्या घरात सापडतं. ते दुरुस्त होईपर्यंत पुढचा एकही अर्ज भरू नका.

मग बँक खातं. सरकारी पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो, आणि तो जातो शेवटी जोडलेल्या खात्यात. पैसे आले नाहीत म्हणून बायका रडकुंडीला येतात, आणि ते पैसे तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या पगारासाठी उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात. कोणतं खातं जोडलेलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. आधी ते बघा, मग बँकेत जा. खातंच नसेल तर जनधन खातं शून्य रकमेवर उघडतं.

मग उत्पन्नाचा दाखला, तहसीलदारांचा. तो आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा सेतूतून निघतो. बहुतेक दाखल्यांची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढला तर महिनाभरात पुन्हा काढावा लागतो, म्हणून एप्रिल सुरू होताच काढा.

मग रेशन कार्ड. कार्ड आहे पण ई-केवायसी झालेली नाही म्हणून धान्य थांबलंय, अशी घरं बरीच. वरच्या घराचंही तसंच होतं. ते सुरू झालं तेव्हा महिन्याला सातेकशे रुपयांचा गहू-तांदूळ वाचला आणि ८४० चा खड्डा जवळपास बुजला. बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडकडून आलेल्या मजुरांना गावाकडचं कार्ड रद्द करायची गरज नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत त्यांना नागपुरातल्या दुकानातूनही धान्य मिळतं.

तपासून घ्या: सगळे कागद एका चेनच्या प्लास्टिक फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल भिंतीवर उंच खिळ्याला टांगा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घरांमध्ये शिरलं, तेव्हा पेटीत, पलंगाखाली ठेवलेले कागद चिखल झाले. नुकसानभरपाईचा अर्ज करायलाही तेच कागद लागतात. त्यांचे स्पष्ट फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवेत. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते कधीही टाकू नका.

टप्पा ५: दवाखान्याची ढाल, मग बाकी योजना

योजनांची यादी लांब आहे. सगळ्या एकदम भरायला गेलात तर एकही पूर्ण होत नाही. आधी दवाखाना, कारण सावरलेलं घर पुन्हा कोसळतं ते बहुतेक वेळा आजारपणात.

आयुष्मान कार्ड काढून घ्या. ते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ते योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होतं, म्हणून भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटायचं.

दुसरी ढाल फार कमी लोक वापरतात. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या खासगी रुग्णालयांना विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. आपल्या मजूर कुटुंबांतली बहुतेक दोन्हीपैकी एकात बसतात. भरती होतानाच रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड द्या. बिल हातात आल्यावर धावपळ करून उपयोग कमी होतो. तातडीच्या वेळी अशा रुग्णालयाला निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. आपल्या भागातल्या अशा रुग्णालयांची यादी मंडळाच्या भिंतीवर लावून ठेवली तर रात्री दोनला कोणाला फोन करावा लागत नाही.

मग विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. मृत्यूनंतर प्रत्येकी २ लाख, सुरक्षा विम्यात मृत्यू अपघाती हवा. पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात, आणि मे हाच हातात पैसे नसण्याचा महिना. म्हणून १५ मेपर्यंत खात्यात ४५६ रुपये आहेत ना, हे जोडीनं स्वतः विचारायचं.

बांधकामावर जाणाऱ्यांची सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी एवढी एक नोंदणी फार कामाची आहे. प्रमाणपत्र विकणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका, खोटं निघालं तर नोंदणी रद्द होते. निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. त्यात उत्पन्नाची मर्यादा फार खाली आहे, तेव्हा दाखल्यावरचा आकडा अर्जाआधी वाचा.

टप्पा ६: कमाई वाढवणं

आता धंद्याचं बोलायचं, याआधी नाही.

पुष्कळ घरांत टीव्हीखाली फुलाफुलांच्या कपड्यानं झाकलेली शिलाई मशीन दिसते. कार्यक्रमात हार घालून दिलेली, दोन वर्षांत दोनदा चाललेली. ती देणाऱ्यानं ‘शिवता येतं का’ विचारलं होतं, ‘गिऱ्हाईक कुठून येणार’ हे विचारलं नव्हतं.

आम्ही पंधरा दिवसांची चाचणी घेतो. तर्री-पोह्यांचा ठेला लावायचा असेल तर हातगाडी भाड्यानं, भांडी उसनी, जागा तीच जिथं पुढं उभं राहायचंय. रोजच्या मालाचा खर्च आणि विक्री वहीत लिहायची. स्वतःची रोजी धरूनही काही उरतंय का? पंधरा दिवसांत हे कळतं. उरत नसेल तर सोडून द्या. तेवढ्यात फक्त भाडं गेलं, भांडवल वाचलं.

चाललं तर फेरीवाला प्रमाणपत्रासाठी महापालिकेच्या झोन कार्यालयात जा आणि पीएम स्वनिधीचं कर्ज घ्या. पहिल्या वेळी १५,००० पर्यंत, ते वेळेवर फेडलं की २५,००० आणि मग ५०,००० पर्यंत. तारण लागत नाही आणि वेळेवर फेडीला ७ टक्के व्याज अनुदान आहे. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षा नोंदणीही करून घ्या. मंडळाचा पैसा इथं कर्जाच्या जागी लावू नका. तो लावायचा असेल तर त्या जागी जिथं बँक देत नाही: पहिल्या आठवड्याचा माल, ताडपत्री, लायसन्सची फी.

नोकरी हाही पर्याय आहे, पण जाण्या-येण्याचा हिशेब करा. बुटीबोरीत बारा हजार मिळत असतील आणि प्रवासाला अडीच हजार जात असतील, तर वस्तीजवळची दहा हजारांची नोकरी बरी. बाईनं चौथं घर धरावं का, हेही असंच मोजा. लहान मूल सांभाळायला कोणी नसेल तर चौथ्या घराचे पैसे मोठ्या मुलीच्या शाळेतून जातात.

टप्पा ७: बचत

खड्डा बुजल्यावर, आणि त्यानंतरच. पहिलं उद्दिष्ट एक महिन्याचं भाडं आणि किराणा, वरच्या घरासाठी ८,००० रुपये. पोस्टात महिन्याला शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू होते. बाईसाठी बचत गट उत्तम, पण गट कसा चाललाय ते आधी बघा: नियमित बैठक, नियमित बचत, आतल्या आत कर्ज, वेळेवर फेड, आणि सगळ्यांसमोर लिहिलेला हिशेब. शेवटचं नसेल तर बाकी चार फार दिवस टिकत नाहीत.

भिशीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. ओळखीच्या दहा बायकांची, ठरलेल्या रकमेची भिशी कित्येक घरांना जूनमध्ये तारते. बोली लावायची भिशी आणि ‘दहा महिन्यांत दुप्पट’ या दोन गोष्टींपासून मात्र दूर ठेवा. नुकतंच कर्ज फिटलेलं घर असल्या योजनांना सगळ्यात लवकर भुलतं, कारण हातात पहिल्यांदाच चार पैसे शिल्लक दिसतात.

टप्पा ८: बाहेर पडणं

तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात जोडीनं बसून तीन गोष्टी बघायच्या. सहा महिन्यांत शेकड्याचं किंवा डेलीचं नवं कर्ज नाही. एक महिन्याचा खर्च बाजूला आहे. फाइलमधले कागद चालू मुदतीचे आहेत. तिन्हींना ‘हो’ आलं की मदत थांबते, आणि हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असावं. एखाद्याला ‘नाही’ आलं तर त्याच टप्प्यावर परत जायचं. रागवायचं नाही, पहिल्यापासून सुरू करायचं नाही. वरच्या घरात नवव्या महिन्यात नवऱ्याचा पाय मोडला आणि बचत संपली. त्यांना पुन्हा टप्पा ५ वर घेतलं. उपचार योजनेतून झाले आणि सावकाराकडे जायची वेळ आली नाही.

थांबा: चेक देतानाचा फोटो, बॅनरवर नाव, वार्षिक अहवालात कुटुंबाची ‘यशोगाथा’, यातलं काही करू नका. देणगीदाराला पावती आणि आकडे दाखवा: पाच घरं, इतकं कर्ज फिटलं, इतके दाखले निघाले. मदत घेतलेल्या घरातल्या मुलीच्या वर्गातल्या पोरांनी तो फोटो पाहिला तर पुढच्या वर्षी त्या गल्लीतून कोणी तुमच्याकडे येणार नाही.

बाराव्या महिन्याच्या भेटीला कर्जाच्या यादीची मंडळाकडची प्रत सोबत न्यायची. हिशेबापुरत्या पावत्या दप्तरात राहतात. ती यादी मात्र त्यांच्यासमोर फाडायची, वही त्यांच्याच घरी ठेवायची, आणि निघताना विचारून घ्यायचं की गल्लीत आणखी कोणाच्या दारात रोज सकाळी डेलीवाला थांबतो.